चोपन्न नंबरचं टीपॉय

आमच्या बाहेरच्या खोलीतलं टीपॉय आमच्याच बंदराच्या नोंदवहीत चोपन्न नंबरची होडी म्हणून दाखल झालं.

हे वाक्य वाचकांनी वाचलेलं नाही. तसं काही घडलेलंही नाही. घडलं असतं तर बंदराचा कारकून या नात्यानं ते सगळ्यांत आधी मला कळलं असतं, आणि मला तर ते चार दिवसांनी कळलं. तेव्हा आपण टीपॉय नसलेल्या घरापासून सुरुवात करू.

रेवदंड्याच्या अलीकडे, एका खाडीच्या तोंडाशी आमचं बंदर आहे. बंदर म्हणजे एक धक्का, एक कचेरी, नामा नावाचा एक शिपाई आणि मी. साहेब जिल्ह्याच्या गावी असतात आणि तिथून आमच्यावर लक्ष ठेवतात. लग्न होऊन आम्हाला आठ महिने झाले होते. बाहेरच्या खोलीत एक आरामखुर्ची, एक लोखंडी खुर्ची आणि एक कॅलेंडर एवढंच सामान असल्यामुळे खोली फार प्रशस्त वाटे. पाहुणे चहा पिऊन झाल्यावर रिकामा कप हातात धरून ती प्रशस्तता न्याहाळत बसत. कप ठेवायला जागा नव्हती. धीट पाहुणे तो खुर्चीखाली ठेवत आणि उठताना लाथ मारून जात. आठ महिन्यांत सहा कप गेले. सातवा पितळेचा आणला, तर तो पाहुण्यांच्या पायाला लागू लागला.

राहीला, म्हणजे माझ्या बायकोला, लहानपणापासून तिच्या गिरगावातल्या मामांनी वाढवलं. मामांनी तिच्यासाठी बँकेतला मुलगा पाहून ठेवला होता. त्याच्याकडे सायकल होती आणि सायकलीला दिवा होता. राहीनं आयुष्यात पहिल्यांदाच मामांना नाही म्हटलं आणि खाडीकाठचा कारकून पसंत केला. तिनं असं का केलं हे मी तिला अजून विचारलेलं नाही. सुरळीत चाललेल्या गोष्टीत हात घालू नये.

मामांचं पत्र आलं : ‘घरात बसण्याउठण्याचे सामान काय काय आहे ते कळवावे.’ मी प्रामाणिकपणे दोन खुर्च्या लिहिल्या. कॅलेंडर लिहिलं. तरी अर्धा कागद रिकामाच राहिला. सरकारी कागदावर रिकामी जागा सोडू नये, पुढे तिथे कोणी काहीही लिहितं, अशी आम्हाला शिकवण आहे. म्हणून मीच लिहिलं : ‘एक टीपॉय, सागवानी, कोपऱ्यात. वर फुलदाणी.’

उलट टपाली उत्तर आलं : ‘टीपॉय घेतलेत हे वाचून तुमच्याविषयीचे माझे मत बदलण्याच्या बेतात आहे. येत्या अष्टमीस समक्ष येऊन पाहतो.’

राहीनं पत्र वाचलं आणि कोपऱ्याकडे पाहिलं.

“टीपॉय कुठाय?”

“पत्रात.”

तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, “लग्न ठरताना मामांनी चार माणसांत मला विचारलं होतं, त्या मुलात असं काय पाहिलंस? मी म्हटलं, तो खोटं बोलत नाही.”

“मग?”

“मग काय? अष्टमीला सोळा दिवस आहेत.”

एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. आदळायला घरात काही नव्हतं, हाही मुद्दा आहेच.

टीपॉय हवं आहे ही गोष्ट मी फक्त तुकाराम मास्तरांना सांगितली, त्यामुळे गावात ती संध्याकाळपर्यंत पसरायला वेळ लागला. मास्तर शाळेत भूमिती शिकवतात. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, “टीपॉयची उंची बसलेल्या माणसाच्या गुडघ्याइतकी पाहिजे. आता कोणाच्या गुडघ्याइतकी, हा खरा प्रश्न. मामांची उंची किती?”

“पाच फूट चार इंच असावी.”

“असावी म्हणून चालत नाही. गुडघा मागवा.”

मामांना पत्र टाकून गुडघ्याचं माप मागवण्याइतकी आमची जवळीक नव्हती. मास्तर नाराज झाले.

शेजारच्या वेणूकाकूंचं म्हणणं असं, की टेबलाचा खर्च करायचाच कशाला? रॉकेलचं खोकं उपडं घालावं, वर विणलेला रुमाल टाकावा, मुंबईच्या माणसाला काय कळतंय! आम्ही तसं केलं. राहीनं माहेरून आणलेला पोपटांचा रुमाल टाकला. वर फुलदाणी म्हणून पितळी तांब्या आणि तांब्यात तगर. लांबून पाहिलं तर ते खरोखर टीपॉय दिसत होतं. जवळून पाहिलं तर रॉकेलचा वास येत होता, म्हणून मामांना लांब बसवायचं ठरलं. मग वेणूकाकू आपल्या सल्ल्याचं फळ बघायला आल्या, ‘बाई गं, छान झालंय’ म्हणाल्या आणि त्यावर बसल्या.

खोकं मोडलं. काकू मोडल्या नाहीत.

“बसायचं नाही तर मांडलंय कशाला?” त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. टीपॉय कशाला मांडतात हे मलाही नीट माहीत नव्हतं.

गावातला घरं बांधणारा सुतार त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत लागला होता. उरला धर्माजी. धर्माजी खाडीपलीकडे राहतो आणि चाळीस वर्षं होड्या बांधतो. त्याच्या हातची होडी बुडाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. लाकूड ते लाकूड, असा विचार करून मी तरीच्या होडीत बसून पलीकडे गेलो. तो एका मोठ्या मचव्याच्या पोटात बसून फटींत कापूस ठासत होता.

“धर्माजीभाऊ, एक छोटं काम होतं.”

“बोला भाऊसाहेब. किती मान्सा बसनार?”

“माणसं नाही बसणार.” वेणूकाकूंची आठवण होऊन मी हे जरा जोरात म्हणालो.

“मंग माल?”

“चहा.”

“किती मन?”

“तीन कप.”

धर्माजीनं हातोडी खाली ठेवली आणि मचव्याच्या कडेवरून माझ्याकडे नीट पाहिलं. “तीन कप चाय कुठशी न्यायचाय?”

“कुठे नाही. घरातच राहणार. कोपऱ्यात.”

“वारा कंचा लागतो तितं?”

“वारा नाही लागत हो! टेबल आहे ते. लहानसं. चार सरळ पाय, वर सरळ फळी.”

“सरल?” त्याला हा शब्द मनापासून लागला. “सरल लाकूड दर्यात टिकत न्हाय, भाऊसाहेब. सरल काम मना येत न्हाय आन् मी करनार बी न्हाय. तुमी जावा. चाय सांडनार न्हाय, ही माजी जबाबदारी.”

मी त्याला हातानं आकार दाखवायचा प्रयत्न केला. त्यानं माझे हात धरले, त्यांच्यामधलं अंतर सुतळीनं मोजून घेतलं आणि सुतळीला गाठ मारली. मास्तरांच्या गुडघ्यापेक्षा ही पद्धत मला सोपी वाटली.

अष्टमीला चार दिवस असताना निरोप आला. मी गेलो. धर्माजीच्या अंगणात, दोन लाकडांवर, सागवानाचं एक अतिशय देखणं काहीतरी उभं होतं. वरची फळी सपाट होती, हे कबूल केलं पाहिजे. पण तिला चारी बाजूंनी बोटभर उंच काठ होता, कप घसरू नये म्हणून. एका कोपऱ्यात सांडलेलं वाहून जायला भोक होतं. खालचं पोट गोल होतं, पुढे निमुळती होत गेलेली नाळ होती आणि पोटाखाली तीन आखूड, बाकदार पाय. सगळं मिळून दोन फूट लांब. फटी कापूस आणि राळेनं बंद केलेल्या. आणि वरपासून खालपर्यंत मुशीचं तेल पाजलेलं. मुशी म्हणजे शार्क. तिचं तेल लावलेलं लाकूड वीस वर्षं कुजत नाही, आणि वीस वर्षं लपतही नाही.

“पोट कशाला, धर्माजीभाऊ?”

“पोट नसंल तर बुडंल ना!” तो म्हणाला, एखाद्या लहान मुलाला सांगावं तसा.

उचलून न्यायला मी हमाल आणला होता. धर्माजीनं त्याला अंगणातून हाकललं. त्याच्या हातचं लाकूड आधी पाण्याला लागतं, मग मालकाच्या दारी जातं. जमिनीवरून त्याच्या अंगणातून आजवर काही गेलेलं नाही. त्याची बायको आवडाबाई हळदकुंकू, नारळ आणि झेंडूची माळ घेऊन तयारच होती. तिनं नाळेला कुंकू लावलं, माळ घातली, नारळ वाढवला आणि मला विचारलं, “बायलीचा नाव काय?”

मला वाटलं, चौकशी करते आहे. “राही,” मी म्हणालो.

“राहीपरसाद!” आवडाबाई मोठ्यानं म्हणाली, धर्माजीनं टीपॉय पाण्यात सोडलं आणि किनाऱ्यावरच्या पाचपन्नास माणसांनी आरोळी ठोकली.

ते तरंगलं. नुसतं तरंगलं नाही, डौलात तरंगलं. त्याच्या नाळेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि मला तरीत बसवलं. सरकारी नोकर, अंगात कोट, हातात दोर आणि मागून झेंडूची माळ घातलेलं टेबल येतंय, अशा थाटात मी माझ्याच बंदरात प्रवेश केला. समोरून येणाऱ्या एका मचव्यानं आम्हाला वाट दिली.

धक्क्यावर नामा उभा होता, काखेत नोंदवही. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गेल्याच महिन्यात नामानं एक मचवा नोंदायचा सोडला होता, तेव्हा मी त्याला कचेरीत उभं करून नियम तीनदा म्हणायला लावला होता : ‘बंदरात जे जे तरंगत येईल ते ते नोंदावे.’ नामा मनाला लावून घेणारा माणूस आहे.

“भाऊसाहेब, नाव काय हिचं?”

“राहीप्रसाद म्हणे,” मी हसून म्हणालो. मला वाटलं, कौतुक करतोय.

“मालक?”

“मीच की रे.”

“माल?”

“फुलदाणी ठेवणार आहोत.”

“मुक्काम कुठं?”

“बाहेरच्या खोलीत. कोपऱ्यात.” किती आस्थेनं विचारतोय, असं वाटून मला भरून आलं. घरच्या माणसांनी इतकी चौकशी केली नव्हती.

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्यानं आठवड्याची नोंदवही आणि साहेबांकडे जायची नक्कल माझ्यापुढे ठेवली. मी नेहमीप्रमाणे बारा ठिकाणी सह्या केल्या. सही कशाखाली करतो ते वाचायला लागलो तर सह्या होणार कधी?

घरी राहीनं टीपॉयभोवती एक फेरी मारली. नाळेवरून हात फिरवला. हाताचा वास घेतला.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “हे काय आहे?”

पुढचे तीन दिवस आम्ही ते सजवण्यात घालवले. नाळ भिंतीकडे केली तर मागची बाजू होडीसारखी दिसे आणि भिंतीकडे पाठ केली तर पुढची. पोपटांचा रुमाल पोटापर्यंत पुरेना. वासावर उतारा म्हणून तांब्यात केवडा ठेवला. केवडा आणि मुशीचं तेल एकत्र आल्यावर जो वास तयार होतो, त्याला मराठीत नाव नाही. गावातल्या मांजरांना मात्र तो ओळखीचा वाटला. पहिल्या दिवशी चार आली, दुसऱ्या दिवशी अकरा. ती काही करत नसत. टीपॉयभोवती गोल करून बसत आणि माझ्याकडे, हा माणूस उठतो कधी, अशा नजरेनं पाहत. मास्तरांनी गोलाची त्रिज्या मोजली.

सगळ्यांत मोठा घोटाळा वेणूकाकूंनी केला. मी चहाचा कप टीपॉयवर ठेवायला गेलो, तर त्यांनी दारातूनच माझा हात हवेत थांबवला.

“अरे, कुंकू लागलंय त्याला! नारळ वाढवलाय! पुजलेल्या वस्तूवर उष्टा कप ठेवतोस?”

“काकू, त्यासाठीच आणलंय ते.”

“मग पुजायचं नव्हतं.”

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका येता-जाता त्यावर तांदूळ आणि फुलं वाहू लागल्या. कप हातातच राहिला. फरक इतकाच, की आता पाहुणे कप धरून बसत तेव्हा समोर टीपॉय असे.

अष्टमीला मामा आगबोटीनं आले. समुद्र खवळलेला होता. धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा कच्च्या केळ्याच्या रंगाचा होता आणि धोतरावर चहाचे तीन मोठे डाग होते. “तीन वेळा कप मांडीवर घेतला,” ते म्हणाले, “आणि तीनही वेळा मांडीवरच राहिला.”

घरात येऊन ते आरामखुर्चीत बसले आणि त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. राही चहा घेऊन दारात उभी. वेणूकाकू मदतीला म्हणून आलेल्या आणि मदत न करता बसलेल्या. मांजरं राहीनं मागच्या अंगणात कोंडली होती. त्यांचं मत ऐकू येत होतं.

“हे ते टीपॉय?” मामा म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. त्या क्षणी दारात नामा आला. एका हातात सरकारी लखोटा, दुसऱ्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला.

“भाऊसाहेब, साहेबांचं पत्र. आन् हिच्यावर नंबर घालायचा ऱ्हायलाय. चोपन्न.”

“नंतर ये, नामा.”

“नंतर न्हाय जमायचं. ‘तात्काळ’ लिवलंय.”

मामांनी हात पुढे केला. सरकारी कागद वडीलधाऱ्यांना न दाखवण्याइतकं धैर्य माझ्यात नाही. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं : “‘आपल्या सहीने आलेल्या नोंदीवरून असे दिसते की, नौका क्रमांक चोपन्न, नाव राहीप्रसाद, लांबी दोन फूट, माल फुलदाणी, ही बंदराच्या हद्दीबाहेर एका राहत्या घराच्या बाहेरच्या खोलीत विनापरवाना नांगरलेली आहे. सदर नौका तीन दिवसांत पाण्यात आणावी. ही गोष्ट बंदराच्या कारकुनाच्या नजरेस कशी आली नाही, याचा खुलासा त्याच कारकुनाने करावा.’”

खोलीत फक्त मांजरं बोलत होती.

मामांनी चष्मा काढला. “जावईबापू, तुम्ही मला टीपॉय लिहिलंत. सरकारला होडी लिहून दिलीत. दोन्हीखाली सही तुमचीच. यातलं खरं काय?”

राहीकडे पाहायची मला हिंमत झाली नाही. चार माणसांत तिनं माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगितली होती आणि मी ती अर्ध्या रिकाम्या कागदासाठी घालवली होती.

“मामा,” राही म्हणाली, “यांनी पत्र लिहिलं तेव्हा घरात टीपॉय नव्हतं.”

मी मान खाली घातली.

“लिहिलेलं खोटं ठरू नये म्हणून सोळा दिवस गावभर हिंडले. खोकं मोडलं, खाडी ओलांडली, माझं नाव घेऊन नारळ फोडून आले. आता हे टीपॉय आहे. मी सांगते म्हणून.” आणि तिनं मामांचा कप उचलून सरळ त्यावर ठेवला.

“अगं, कुंकू!” वेणूकाकू किंचाळल्या.

“काकू, नाखवा होडीतच जेवतो, होडीतच चहा पितो. होडी विटाळते का कधी?”

काकूंचं माहेर कोळीवाड्याला लागून आहे. त्यांनी तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं. असं मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

मामा कपाकडे पाहत होते. मग त्यांनी पाय लांब करून टीपॉयला एक हलकासा धक्का दिला. ते आपल्या तीन बाकदार पायांवर डुललं. कप काठापर्यंत घसरला, काठाला टेकला आणि थांबला. थेंबही सांडला नाही. मामांनी जरा जोरात धक्का दिला. मग दोन्ही हातांनी धरून हलवलं. आगबोट हलली असेल तसं हलवलं. चहा आपला शांत. मामांनी एकदा आपल्या धोतराकडे पाहिलं, एकदा कपाकडे.

“राही,” ते म्हणाले, “दुसरा कप आण. हा इथेच असू दे.”

जाताना त्यांनी धर्माजीचा पत्ता लिहून घेतला आणि मला एकच वाक्य सांगितलं : “पुढच्या पत्रात जागा उरली तर रिकामी ठेवा.” राही हसली. मी ते वाक्य आशीर्वाद म्हणून धरलं आहे.

प्रश्न उरला तो सरकारचा. नोंदलेली नौका बुडाली, मोडली किंवा परबंदरी विकली, तरच तिचं नाव वहीतून कमी होतं. मोडायला राही तयार नाही. विकायला मी तयार नाही. म्हणून नामाला पंच नेमून मी ती धक्क्यावरून बुडवायचा प्रयत्न केला. दोन पाटे आणि एक वरवंटा ठेवूनही ती बुडाली नाही. तिसऱ्या पाट्याला मी पाण्यात पडलो. पलीकडच्या काठावर धर्माजी कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी कोणत्याही सरकारी नोकराच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. नामानं वहीत लिहिलं : ‘नौका सुस्थितीत. मालक भिजले.’ मी सही केली. या वेळी वाचून.

म्हणून आज पुढील अर्ज योग्य मार्गानं, म्हणजे माझ्याकडून माझ्याकडे आणि तिथून साहेबांकडे, रवाना केला आहे :

‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी. नौका क्रमांक चोपन्न ही पाण्यात नेली असता बुडत नाही व घरात ठेवली असता हुकुमाचा भंग होतो. सबब विनंती की, अर्जदाराची दहा फूट बाय बारा फूट मापाची बाहेरची खोली, उंबऱ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, बंदर म्हणून जाहीर व्हावी. सदर बंदरात उक्त नौकेस कोपऱ्यात कायम नांगर टाकण्याचा परवाना मिळावा. आणि त्या बंदरातील भरती-ओहोटीच्या वेळा यापुढे अर्जदाराच्या पत्नीस विचारून ठरविण्यात याव्यात.’